तीस सेकंदांची वानगी

सून : नाही, भावोजी, ते माझ्यावर ढकलू नका. एक बावन्न म्हणजे एक मिनिट बावन्न सेकंद. कागदावर लिहून दिलं होतं. खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

दीर : आणि मी तेच लिहिलं, वहिनी. एक, टिंब, बावन्न. फॉर्मच्या त्या खणात नुसते सेकंद भरायचे असतात हे मला काय माहीत?

सून : तुमच्या कंपनीत गाणी पोचवायचंच काम करता ना तुम्ही? रोज?

दीर : रोज करतो. पण तुकडा कुठून कापायचा हे आजवर कुणी सांगितलंच नाही. सगळे तो खण रिकामा सोडतात, गाण्याचे पहिले तीस सेकंद आपोआप जातात. तुम्हीच पहिल्या, ज्यांनी आकडा दिला.

सून : म्हणजे आकडा दिला हाच माझा गुन्हा.

दीर : तसं नाही हो. मशीनला वाटलं, दीड सेकंदापासून. त्यानं दीड सेकंदापासून पुढचे तीस सेकंद कापले आणि पाठवून दिले. बिचाऱ्यानं सांगितल्या कामाला नाही म्हटलं नाही.

सून : त्या फाइलमध्ये दीड सेकंदाला काय आहे, माहीत आहे?

दीर : आता माहीत आहे.

सून : काय आहे?

दीर : आई आहे.

सासू : कोण आहे? काय आई आई चाललंय? हळू बोला जरा, ठमी आत्ता कुठे निजलीय. आणि धाकट्या, तू भर दुपारी इकडे कसा? ऑफिसनं हाकललं का?

दीर : नाही गं. कामानंच आलोय. बस ना तू.

सासू : बसते. पण आधी मला एक सांगा. भाजीवालीनं आज मला बघितलं, हातातला कोबी तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "दूध कोण बघणार मग?" शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. काल लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तेच म्हणाले, वर माझ्या पिशवीत डोकावले. हे बोलणं माझं आहे. या घरातलं. ते कोबीपर्यंत गेलं कसं?

सून : मी कुणाला काही सांगितलेलं नाही, आई.

सासू : मग काय दुधानं सांगितलं?

दीर : आई, मी सांगतो. रागवू नकोस.

सासू : रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवेन.

दीर : वहिनींचं गाणं शुक्रवारी येतंय. पूर्ण गाणं, सगळीकडे. त्याच्या आठ दिवस आधी त्यातला तीस सेकंदांचा तुकडा एका ठिकाणी पाठवायचा असतो. तिथं लोक छोटे छोटे व्हिडिओ करतात. त्या तुकड्यावर नाचतात, तोंडं हलवतात, मांजरं नाचवतात. तुकडा आवडला की शुक्रवारी पूर्ण गाणं शोधत येतात.

सासू : म्हणजे वानगी. कलिंगडवाला फोड कापून हातावर ठेवतो, तशी.

दीर : अगदी तशी.

सून : फरक इतकाच, की यांनी फोड म्हणून देठ पाठवला.

सासू : देठ म्हणजे?

दीर : म्हणजे तू.

सासू : मी देठ?

सून : आई, त्या दिवशी मी कपाटात गात होते. आठवतंय? फोनवर रेकॉर्ड करत होते. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणून आत बसले होते. मी बटण दाबलं आणि तुम्ही खोलीत आलात. "कपाटात तोंड घालून गातेस होय? दूध कोण बघणार मग?" मी म्हटलं, "आले, आई." आणि दूध उतरवून आले नाही, तशीच गायला लागले.

सासू : ते दूध उतू गेलं होतं त्या दिवशी. मीच पुसली शेगडी.

सून : हो. पण रेकॉर्डिंग इतकं छान झालं की पुन्हा तसं जमेना. म्हणून तेच ठेवलं. भावोजींना म्हटलं, सुरुवात तेवढी छाटून टाका.

दीर : आणि मी म्हटलं, तुकडा तर एक बावन्नपासून जाणार, सुरुवात आत्ता कशाला छाटू? पूर्ण गाणं पाठवताना छाटू की. निवांत.

सून : निवांत.

सासू : थांबा. म्हणजे त्या तीस सेकंदांत गाणं कुठे आहे?

सून : नाहीच. आधी तुम्ही, मग कपाटाचं दार करकरतं, मग "आले, आई", मग वीस सेकंद मी नुसती गुणगुणते. शब्द सुरू व्हायच्या आत तुकडा संपतो.

सासू : आणि हे लोकांनी ऐकलं.

दीर : ऐकलं? आई, साठ हजार जणांनी त्यावर व्हिडिओ केले. पाच दिवसांत. हे बघ, हा मेकॅनिक. गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं, आणि त्याची बायको तुझ्या आवाजात तोंड हलवतेय. हा दाताचा डॉक्टर. पेशंटच्या जबड्यात वाकलाय बघ. ही मांजर वॉशिंग मशीनमध्ये. आणि हा…

सासू : हा तर आपला थोरला.

सून : काय? बघू.

दीर : म्हटलं होतं, हा दाखवायला नको.

सून : ऑफिसातल्या फायलींच्या कपाटात तोंड घातलंय. मागून कोण म्हणतंय? त्यांचे साहेब? वा. परवा मी विचारलं, गाणं पूर्ण ऐकलंत का? तर म्हणाले, वेळच कुठे मिळतो.

सासू : शर्ट बघ कसला चुरगळलाय. साठ हजार लोकांत असा शर्ट घालून. साठ हजार म्हणालास ना? माझ्या लग्नाला दोनशे होते, त्यातले निम्मे मला ओळखतसुद्धा नव्हते.

दीर : आता सगळे ओळखतात. पण तुझं तोंड कुणी बघितलेलं नाही. नुसता आवाज.

सासू : तरी कोबी ओळखतो.

सून : आवाजावरून ओळखलं असेल, आई. भाजीवालीकडे तुम्ही काही कमी बोलत नाही.

सासू : टोमणा मारायला हिला वेळ मिळतो. बरं, आवाज कसा येतोय माझा? लाव. अगं बाई. मी अशी ओरडते?

सून : त्या दिवशी जरा हळू होतात.

सासू : झालं ते झालं. आता काम काय घेऊन आलायस ते बोल. तू घाम पुसायला लागलास की काहीतरी मागायचं असतं. शाळेपासून बघतेय.

दीर : आमच्या मॅडम म्हणतात, लोकांना जे आवडलंय तेच द्यावं. म्हणून त्यांनी नवीन गाणं बनवलंय. म्हणजे तेच, पण नवीन. नाव "दूध कोण बघणार". अठ्ठावन्न सेकंदांचं. शुक्रवारी पूर्ण गाण्याच्या ऐवजी हे. चार वाजेपर्यंत फाइल चढवायची आहे, म्हणून पळत आलो.

सून : ऐवजी?

दीर : आत्तापुरतं. तुमचं चार मिनिटांचं नंतर कधीतरी टाकू.

सून : लावा.

दीर : मोठ्यानं नको, ठमी उठेल. हं, ऐका. "दूध… दूध… दू-दू-दूध…"

सासू : मी असं तोतरं कधी बोलले?

दीर : ते मुद्दाम, आई. त्यावर पाय हलतात.

सून : यात मी कुठे आहे?

दीर : आहात ना. मागे. ती बारीक किणकिण येतेय ना, ती तुमची गुणगुण. थोडी पळवलीय.

सून : थोडी? डास फिरतोय कानाशी.

दीर : नाव तुमचंच राहणार, वहिनी. गायिका म्हणून.

सून : एक शब्द न गाता गायिका. बरं आहे. घसा दुखत नाही.

दीर : तुम्ही थट्टा करताय, पण जरा व्यवहार बघा. चार मिनिटं कोण ऐकतं हो आता? तिसऱ्या सेकंदाला माणूस अंगठा वर सरकवतो आणि पुढं जातो. तुमच्या गाण्यात पहिलं मिनिटभर शब्दच नाहीत. आईच्या जिवावर लोक तीस सेकंद थांबले, हे काय कमी आहे? लोक दारात आलेत. आता त्यांना जे हवं ते देऊ, मग हळूच तुमचं.

सून : दारात आलेत ते आईंना बघायला. मी आतून गायला लागले की परत जातील. हेच ना?

दीर : तसं तोंडावर म्हणायचं नव्हतं मला.

सून : तुम्ही सोडून बाकी सगळ्यांनी म्हणून झालंय. भावोजी, ठमी दुपारी चाळीस मिनिटं झोपते. त्यातली दहा तिला खाली ठेवण्यात जातात. मानेखालून हात काढायचा तर चोरानं कुलूप काढावं तसा काढावा लागतो. पाच मिनिटं घरात कुणीतरी काहीतरी पाडण्यात. उरली पंचवीस. त्या पंचवीस मिनिटांत मी पाच महिने कपाटात बसले. एका ओळीला अकरा दिवस लागले. अकरा दुपारी. त्यातल्या दोन दुपारी तर मीच झोपले, तिच्याआधी.

सासू : कुठली ओळ?

सून : तीच. एक बावन्नची.

सासू : मला कधी ऐकवली नाहीस.

सून : तुम्ही कधी विचारलंत?

सासू : विचारायचं काय त्यात? भिंतीतून येतच होतं. म्हणजे सूर येत होता. शब्द नाही आले.

सून : शब्द कुणालाच नाही आले, आई. शुक्रवारी येणार होते.

दीर : वहिनी, मी तुमचा शत्रू नाही. मी घरचा आहे.

सून : तेच तर. बाहेरच्यानं देठ पाठवला असता तर मी भांडले असते.

सासू : मग आत्ता काय करतेयस?

दीर : आई, तू सही कर म्हणजे वहिनींना समजावतो मी.

सासू : कसली सही?

दीर : मंजुरीची. गाण्यात ज्याचा ज्याचा आवाज आहे, त्याची सही लागते. वहिनींची एक आणि तुझी एक. इथं, खाली.

सासू : आणि त्या पाच दिवसांपूर्वीच्या तुकड्याला? तेव्हा घेतलीस माझी सही?

दीर : तेव्हा तू त्यात आहेस हे कुणाला माहीत होतं?

सासू : वा रे. आधी वाजवलंत, आता विचारताय. सून कपाटात गेली तर मी तिला बोलले, माझा मुलगा मला जगभर वाजवून आला तर त्याला कोण बोलणार?

सून : बोला ना. आता रेकॉर्डिंग चालू नाही.

सासू : गप्प बस गं तू. कागद दे इकडे. आणि ते चार मिनिटांचं लाव.

दीर : आई, चार वाजेपर्यंत…

सासू : आत्ता पावणेतीन झालेत. वाचल्याशिवाय सही करू नये, असं तुझे वडील म्हणायचे. ते स्वतः न वाचताच करायचे, ती गोष्ट वेगळी. मी ऐकल्याशिवाय करणार नाही. लाव. आणि पाय हलवू नकोस.

(गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतं.)

सासू : संपलं?

सून : संपलं.

सासू : मधली ती ओळ परत सांग. गाऊ नकोस. नुसती सांग.

सून : "तू निजलीस की मी उरते, मुठीएवढी, तरी पुरते."

सासू : कुणाच्या मुठीएवढी? तुझ्या की तिच्या?

सून : तिच्या.

सासू : एवढीशीच की मग.

सून : हो.

दीर : छान आहे, वहिनी. खरंच छान आहे. मीही आज पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं.

सून : तुम्ही? पाठवलंत तुम्हीच ना?

दीर : पाठवायला ऐकावं लागत नाही हो. फाइल उघडते की नाही एवढं बघतो.

सासू : टपालवाला बरा. तो निदान पत्ता वाचतो.

दीर : पण आई, चांगलं असलं तरी यावर लोक नाचणार नाहीत. पकड नाही त्याला. मॅडमना काय सांगू मी?

सासू : सांग, दूध नासलं.

दीर : आई.

सासू : मी या अठ्ठावन्न सेकंदांना सही देणार नाही. मुळीच नाही.

दीर : का? तुझीच तर हवा आहे त्यात.

सासू : म्हणूनच. त्यात मी चार वेळा ओरडते आणि ही एकदाही उत्तर देत नाही. या घरात असं कधी झालंय? खरं काय झालं? मी एकदा ओरडले, आणि हिनं चार मिनिटं उत्तर दिलं. ते पाठव.

सून : तेच पाठवतायत, आई. शुक्रवारचं. फक्त सुरुवातीचं तुमचं बोलणं छाटून.

सासू : ते कशाला छाटायचं?

सून : गाण्यात शोभत नाही ते. आणि लोक हसतात तुम्हाला.

सासू : कोबी आधीच हसतोय. आणखी कोण हसायचं राहिलंय? राहू दे ते. मी बोलले होते ना? मग राहू दे. ते काढलंस तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुला कुणी गादीवर बसवून गायला सांगितलं होतं.

सून : आई, खरंच ठेवू?

सासू : दाराची करकरसुद्धा ठेव. आणि त्या बिजागरीला तेल घाल म्हणून थोरल्याला सहा महिने सांगतेय. त्यालाही ऐकू दे साठ हजार लोकांबरोबर.

दीर : म्हणजे काही छाटायचं नाही. काही पळवायचं नाही. चार मिनिटं, तशीच्या तशी.

सासू : तुझं काम किती सोपं केलं बघ.

दीर : मॅडम म्हणतील, साठ हजार लोक हातचे घालवले.

सून : गेलेले लोक तुमच्याकडे होतेच कधी, भावोजी? कोबीवाले होते ते.

दीर : बरं. चालेल. नाही चालणार, पण चालेल. कागदावर वरचं नाव बदलतो. गाण्याचं नाव काय होतं हो? मी फाइलला "वहिनी शेवटची" एवढंच लिहून ठेवलंय.

सून : "मुठीएवढी".

दीर : मुठीएवढी. हं. आई, इथं सही.

सासू : माझ्या नावापुढे काय लिहिलंयस हे? "इतर आवाज"?

दीर : तसंच लिहितात.

सासू : बरं. इतर तर इतर. ही घे सही.

सून : आणि तो तुकडा बदलता येईल का? शुक्रवारपर्यंत तरी?

दीर : जुना मागे घेऊन नवा पाठवता येतो. पण मग ते साठ हजार व्हिडिओ गप्प होतील. नुसती तोंडं हलतील.

सून : थोरले ऑफिसच्या कपाटात तोंड घालून नुसते उभे राहतील?

दीर : आवाजाशिवाय.

सून : मग तर नक्की बदला.

दीर : खण उघडलाय. सांगा. या वेळी तुम्हीच बघा स्क्रीनकडे.

सून : एकशे बारा. सेकंद.

दीर : एक, एक, दोन. टिंब नाही.

सून : टिंब नाही.

दीर : यावर एकही मांजर नाचणार नाही, आधीच सांगतो.

सून : नाचू नये. निजावं.

दीर : गेलं. पोचलं. उद्या सकाळपर्यंत दिसेल. आता मी मॅडमना फोन करतो, जिन्यात जाऊन. इथून केला तर ठमी माझी भाषा शिकेल.

सासू : चपला घालताना आपटू नकोस. अगं, तुला एक विचारू?

सून : विचारा ना.

सासू : कपाटात बसायला जागा असते का?

सून : खालच्या कप्प्यात. तुमच्या थंडीच्या पांघरुणांवर बसते.

सासू : म्हणून ती बसकी झालीत होय. दार लावून घेतेस?

सून : अर्धं. ठमी रडली तर ऐकू यायला हवं.

सासू : तू बरी. मी नळ सोडायचे.

सून : म्हणजे?

सासू : हे दोघं लहान होते तेव्हा. बाथरूममध्ये जायचे आणि नळ सोडायचे मोठा. मग बाहेरून दार बडवलं तरी ऐकू येत नाही. येतं, पण आलं नाही म्हणता येतं.

सून : भावोजी सांगतात, आई आंघोळीला फार वेळ लावायची.

सासू : आंघोळ कोण करत होतं?

सून : मग? गात होतात तुम्ही?

सासू : छे गं. नुसती बसायचे.

सून : किती वेळ?

सासू : बादली भरेपर्यंत.